घसा सांगतो ते वेळेवर ऐकू या

(भोर तालुक्यातील कामथडी येथे ग्रामस्थ, माता-भगिनी आणि आरोग्यसेवेच्या कामातील कार्यकर्ते यांच्यासमोर एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



कर्करोग हा शब्द उच्चारला की घरात आवाज खाली जातो. आजही अनेक घरांत या रोगाचे नाव घेतले जात नाही. ‘तो आजार’ असे म्हटले जाते. नाव न घेतल्याने रोग दूर राहिला असता तर आम्हा डॉक्टरांना व्याख्याने देण्याचे कारण उरले नसते. प्रत्यक्षात घडते ते उलटेच. ज्याचे नाव घ्यायचे नाही, त्याची शंकाही बोलून दाखवायची नाही, आणि शंका बोलायची नाही म्हणून तपासणीही करायची नाही, अशी ही साखळी आहे. तिची पहिली कडी तोडावी, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतू आहे. घशाच्या कर्करोगाची सुरुवातीची लक्षणे कोणती, ती कोणी ओळखावी आणि ओळखल्यावर काय करावे, हे साध्या भाषेत सांगण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

हा विषय आपल्या भागाला नवा नाही. १९७२ साली डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखतपासणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही पाहणी आपल्याच पुणे जिल्ह्यातील खेड्यांत घरोघर जाऊन झाली होती. तंबाखू, मशेरी आणि विडी यांच्या सवयी व तोंडातील पांढरे चट्टे, जखमा, गाठी यांचा संबंध तिच्यातून तपासला गेला. जगभरच्या ग्रंथांत आजही तिचा उल्लेख येतो. म्हणजे पुणे जिल्ह्यातील खेडुतांनी पन्नास वर्षांपूर्वी तोंड उघडून दाखवले आणि जगाच्या ज्ञानात भर पडली. त्या ज्ञानाचा लाभ मात्र आपल्या घरापर्यंत पुरेसा पोचला का, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

घसा म्हणजे नेमके काय?

आपण ‘घसा’ म्हणतो ती एकच जागा नाही. तोंडाच्या मागे जी पोकळी आहे, तिच्यात टॉन्सिल, पडजीभ आणि जिभेचा मागचा भाग येतो. त्याखाली दोन वाटा फुटतात. पुढची वाट श्वासनलिकेची. तिच्या तोंडाशी स्वरयंत्र असते. मागची वाट अन्ननलिकेची. स्वरयंत्रात दोन नाजूक पडदे असतात, त्यांना स्वरतंतू म्हणतात. श्वास घेताना ते दूर होतात, बोलताना जवळ येतात आणि त्यांच्या कंपनातून आवाज उमटतो. घास गिळताना हेच स्वरयंत्र घट्ट मिटते, म्हणून अन्न श्वासनलिकेत जात नाही. बोलणे, गिळणे आणि श्वास घेणे अशी तीन कामे एवढ्याशा जागेत चालतात. त्यामुळे तेथे काही वावगे वाढू लागले की या तिन्हींपैकी कशात तरी बदल होतोच.

मात्र रोग कोणत्या जागी सुरू होतो यावर तो लवकर बोलेल की उशिरा, हे ठरते. स्वरतंतूंवर मोहरीएवढी गाठ आली तरी त्यांचे कंपन बिघडते आणि आवाज बदलतो. ही एका अर्थी दैवाची कृपाच म्हणायची, कारण रोग लहान असतानाच सूचना मिळते. उलट स्वरतंतूंच्या वरच्या भागात किंवा अन्ननलिकेच्या तोंडाशी वाढणारा रोग बराच काळ गप्प राहतो. पुष्कळदा मानेतील गाठ हीच त्याची पहिली खूण ठरते. म्हणून एकाच लक्षणाकडे लक्ष ठेवून भागत नाही.

लक्षणे कोणती?

पहिले लक्षण म्हणजे आवाजातील बदल. आवाज घोगरा होतो, चिरका होतो, जड होतो किंवा बोलता बोलता फाटतो. सर्दी-खोकल्याने, यात्रेत ओरडल्याने किंवा रात्रभराच्या भजनाने बसलेला आवाज आठवड्या-दोन आठवड्यांत पूर्ववत होतो. तीन आठवडे उलटूनही आवाज बदललेलाच राहिला, तर घशाची आतून तपासणी झालीच पाहिजे.

दुसरे, गिळताना अडथळा. प्रारंभी कोरडी भाकरी अडते, मग भात अडतो, पुढे पाणीही जपून प्यावे लागते. पुष्कळ रुग्ण नकळत आपला आहार बदलतात. भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागतात, प्रत्येक घासाबरोबर पाणी घेतात आणि ‘वय झाले, दात नाहीत’ असे कारण देतात. स्वयंपाक करणाऱ्या माउलीच्या हा बदल सर्वांच्या आधी लक्षात येतो. तिने तो मनात ठेवू नये.

तिसरे, घशाच्या एकाच बाजूला सतत दुखणे किंवा काही टोचल्यासारखे वाटणे. साध्या संसर्गात बहुधा दोन्ही बाजू दुखतात आणि ताप असतो. ताप नाही, एकच बाजू दुखते आणि औषधाचे दोन डोस झाले तरी ते थांबत नाही, ही बाब वेगळी मानावी.

चौथे लक्षण अनेकांना चकवते, ते म्हणजे कान दुखणे. घसा आणि कान यांना संवेदना देणाऱ्या काही मज्जातंतूंची मुळे सामाईक आहेत. त्यामुळे दुखणे असते घशात आणि ठणका जाणवतो कानात. कान तपासला तर पडदा स्वच्छ, मळ नाही, स्राव नाही. अशा वेळी कानात थेंब घालत राहण्याऐवजी घशात पाहिले पाहिजे. चाळिशीपुढच्या, तंबाखू खाणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाचा एकच कान दुखत असेल आणि कान निर्दोष असेल, तर आम्ही त्याचा घसा पाहिल्याशिवाय त्याला घरी पाठवत नाही.

पाचवे, मानेतील गाठ. ही गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. आपल्याकडे मानेची गाठ म्हणजे क्षयाची, अशी समजूत रूढ आहे. क्षयाच्या गाठी आपल्या देशात पुष्कळ आढळतात हे खरेच. परंतु तपासणी न करता केवळ अंदाजाने क्षयाची औषधे सुरू केली आणि गाठ कर्करोगाची निघाली, तर काही महिने हातचे जातात. आधी बारीक सुईने नमुना, मग निदान आणि मग औषध, हा क्रम सोडू नये.

सहावे, थुंकीतून रक्त येणे, कारण नसता वजन घटणे, तोंडाला असह्य दुर्गंधी येणे. आणि तोंडातील खुणा तर आरशातही दिसतात. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, आपोआप हलू लागलेला दात, आणि हळूहळू कमी उघडू लागलेले तोंड. सुपारी व गुटखा खाणाऱ्या तरुणांचे तोंड दोन बोटेही आत जाणार नाहीत इतके आवळते. हा कर्करोग नसला तरी कर्करोगाच्या वाटेवरचा टप्पा आहे.

एक इशारा स्वतंत्रपणे सांगतो. श्वास घेताना घर्र-घर्र आवाज येऊ लागला, दम कोंडू लागला, लाळही गिळता येईना किंवा तोंडावाटे जास्त रक्त आले, तर तीन आठवडे काय, तीन तासही थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हे सारे ऐकून कोणी घाबरून जाऊ नये. आवाज बसलेल्या, घसा दुखणाऱ्या बहुसंख्य माणसांना कर्करोग नसतो. आम्लपित्त घशापर्यंत येणे, स्वरतंतूंवर साधे गाठोडे येणे, थायरॉईडचे विकार अशी अनेक कारणे निघतात आणि त्यांवर सोपे उपाय असतात. लक्षण म्हणजे निदान नव्हे. लक्षण हे दारावरची थाप आहे. कोण आले आहे हे दार उघडल्यावरच कळते.

तीन आठवडेच का?

घरातील खडीसाखर, ज्येष्ठमध, हळद-मिठाच्या गुळण्या यांना माझा विरोध नाही. साध्या घसादुखीला त्यांनी आराम पडतो. प्रश्न आहे तो मुदतीचा. साधा संसर्ग आणि साधा ताण शरीर सुमारे तीन आठवड्यांत भरून काढते. त्यापुढेही जे टिकते, त्यामागे काहीतरी टिकाऊ कारण असते. म्हणून घरगुती उपाय करा, जवळच्या डॉक्टरांचे औषधही घ्या, पण पहिल्या दिवसाची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. एकवीस दिवसांनंतर औषधाची तिसरी बाटली आणण्याऐवजी तज्ज्ञांकडे जाण्यासाठी बस पकडा. एका डॉक्टरांकडून दुसऱ्याकडे जाताना मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायची नाही, हेही ध्यानात ठेवावे. पुष्कळांचे सहा महिने असेच जातात. प्रत्येक ठिकाणी ‘आठवडाभर बघू’ म्हटले जाते आणि आठवड्यांची बेरीज कोणीच करत नाही.

इतिहासातील दोन उदाहरणे

ज्यांचे जीवनच बोलण्यासाठी वाहिलेले असते, त्यांच्या घशाचे दुखणे लवकर ध्यानात येत नाही. श्रीरामकृष्ण परमहंसांचे उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. १८८५ साली त्यांच्या घशात दुखू लागले. सतत बोलणाऱ्या धर्मोपदेशकांना होणारी ती घसादुखी असावी, असे प्रथम मानले गेले आणि कमी बोलण्याचा सल्ला मिळाला. पुढे तो कर्करोग असल्याचे स्पष्ट झाले. दर्शनाला येणाऱ्या जिज्ञासूंना त्यांनी विन्मुख पाठवले नाही. १६ ऑगस्ट १८८६ रोजी काशीपूरच्या उद्यानगृहात त्यांनी देह ठेवला. त्या काळी क्ष-किरणांचाही शोध लागलेला नव्हता; तो १८९५ सालचा. निदान लवकर झाले असते तरी वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. आज ते आहे. म्हणून कीर्तनकार, शिक्षक, भजनी मंडळी, बाजारात ओरडून माल विकणारे आणि गावोगाव भाषणे करणारे कार्यकर्ते यांनी ‘आमचा आवाज बसायचाच’ असे म्हणून विषय सोडून देऊ नये. आवाजावर पोट असणाऱ्याने त्या आवाजाकडे अधिक लक्ष दिले पाहिजे.

दुसरे उदाहरण जर्मनीच्या राजघराण्यातील. युवराज फ्रेडरिक यांचा आवाज १८८७ च्या जानेवारीत घोगरा झाला. जर्मन वैद्यांना कर्करोगाची शंका आली आणि मे महिन्यात शस्त्रक्रियेची तयारीही झाली. इंग्लंडहून बोलावलेल्या मॉरेल मॅकेन्झी यांनी आधी नमुना तपासावा असा आग्रह धरला. त्या तुकड्यात विख्यात शास्त्रज्ञ विरचो यांना कर्करोग आढळला नाही आणि शस्त्रक्रिया टळली. घोगरेपणा मात्र टळला नाही. नोव्हेंबरात रोगाविषयी संशय उरला नाही, पुढच्या फेब्रुवारीत श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले. मार्च १८८८ मध्ये ते सम्राट झाले आणि ९९ दिवसांच्या राज्यानंतर १५ जूनला त्यांचे निधन झाले. यातून आजच्या रुग्णाने घ्यायचा बोध असा की, एका तपासणीत काही आढळले नाही आणि लक्षण मात्र कायम आहे, तर पुन्हा तपासणी मागावी. अहवालाच्या कागदापेक्षा न हटणारे लक्षण मोठे.

तपासणीची भीती

घशाची तपासणी कशी होते हे ठाऊक नसल्याने अनेक जण टाळाटाळ करतात. गंमत अशी की, जिवंत माणसाचे स्वरतंतू आरशातून पाहण्याची युक्ती १८५४ साली मॅन्युएल गार्सिया नावाच्या एका गायनशिक्षकाला सुचली. गाणे शिकवणाऱ्याला आवाज कोठून येतो हे पाहायचे होते! आज त्या आरशाच्या जोडीला दुर्बीण आली आहे. नाकातून किंवा तोंडातून बारीक दुर्बीण घालून पडद्यावर स्वरतंतू पाहता येतात. भूल देऊन झोपवावे लागत नाही, कापावे लागत नाही, काही मिनिटांत काम होते. संशयास्पद काही दिसले तरच पुढे भूल देऊन तुकडा काढतात आणि सोनोग्राफी, सीटी स्कॅन यांसारख्या तपासण्या सांगतात.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही समजूत गावोगाव ऐकू येते. गाठीतून बारीक सुईने नमुना घेतल्याने रोग पसरतो असे मानण्यास आधार नाही. असे का वाटते, तेही समजून घ्या. रुग्ण उशिरा येतो, त्या वेळी रोग पसरण्याच्या बेतातच असतो, तपासणी होते आणि नंतर रोग वाढलेला दिसतो. दोष उशिराचा असतो, बोल सुईला लागतो. मानेतील गाठ मात्र तज्ज्ञांचा सल्ला न घेता कोठेही कापून घेऊ नये, कारण त्याने पुढचे उपचार अवघड होतात.

लवकर कळले तर काय लाभ?

स्वरतंतूंपुरताच मर्यादित असलेला कर्करोग अगदी प्रारंभी सापडला, तर दहापैकी आठ-नऊ रुग्ण बरे होतात. सहा-सात आठवड्यांचे किरणोपचार किंवा लेझरची शस्त्रक्रिया यांपैकी एका उपायाने बहुधा काम भागते आणि आवाजही राहतो. तोच रोग मानेच्या गाठींपर्यंत गेला की शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांपैकी दोन किंवा तिन्ही लागतात, खर्च वाढतो, दिवस वाढतात आणि यशाची खात्री घटते. काहींचे संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागते. असे रुग्णही पुढे बोलू शकतात. अन्ननलिकेतून हवा सोडून बोलण्याचा सराव करवून घेता येतो किंवा छोटी कृत्रिम झडप बसवता येते. आयुष्य तेथे संपत नाही. परंतु तीन आठवड्यांच्या सावधपणाने जे वाचले असते, ते मिळवायला मग फार मोठी किंमत द्यावी लागते.

आपल्या राज्याच्या सार्वजनिक जीवनातील दोन नावे पक्षभेद बाजूला ठेवून घेतो. ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गावागावांत नेणारे आर. आर. पाटील यांचे मुखाच्या कर्करोगाने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी निधन झाले. त्यांचे वय अवघे ५७ होते. शरद पवार यांच्यावर याच प्रकारच्या रोगासाठी २००४ साली शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ ते सार्वजनिक कामात राहिले. तंबाखूजन्य सवयीची किंमत आपण मोजली, असे त्यांनी जाहीर सभांतून सांगितले आहे. पद आणि प्रतिष्ठा पाहून हा रोग थांबत नाही. वेळ आणि उपचार यांच्यापुढे मात्र तो थांबू शकतो.

मूळ कोठे आहे?

घशाच्या आणि तोंडाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण तंबाखू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे २७ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात आणि त्यांतील फार मोठा भाग ओढणाऱ्यांचा नसून चघळणाऱ्यांचा व लावणाऱ्यांचा आहे. चुन्याबरोबर मळलेली चिमूट आणि गुटखा प्रामुख्याने गालाला व जिभेला ग्रासतात. विडी-सिगारेटचा धूर स्वरयंत्राला. त्यावर मद्याची जोड मिळाली की धोक्याची केवळ बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

माता-भगिनींना विनंती आहे की मशेरीला दात घासण्याचे साधन समजू नका. तव्यावर भाजली म्हणून तंबाखूचा तंबाखूपणा जात नाही. सकाळी एकदा लावणारी पुढे दिवसातून चार-पाच वेळा लावू लागते, ती दातांसाठी नव्हे. ते व्यसन आहे. लहान मुलीच्या हातात तर मशेरीची डबी कधीच देऊ नये. आणखी एक गोष्ट स्त्रियांसाठी महत्त्वाची. दीर्घकाळ रक्त कमी असलेल्या काही स्त्रियांना अन्ननलिकेच्या तोंडाशी पडदा धरून गिळण्यास त्रास होतो आणि तेथे पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून पंडुरोगाकडे दुर्लक्ष नको.

‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो’ असे सांगणारेही भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. तसेच एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे टॉन्सिल व जिभेच्या मागच्या भागाचा कर्करोग निर्व्यसनी माणसालाही होऊ शकतो. त्यामुळे ‘निर्व्यसनी आहे, मला काय होणार’ हा भरवसाही पुरा नाही. तीन आठवड्यांचा नियम सर्वांना सारखाच.

महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ साली अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. कायदा आवश्यकच आहे. पण टपरीवर पुडी मागणारा हात घरातला असतो आणि तो हात धरणारेही घरातलेच असावे लागतात.

बार्शीने घालून दिलेला धडा

गावाने मनावर घेतले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे डॉ. भा. म. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. शहरात रुग्णालयांच्या कागदपत्रांवरून नोंदणी होते; खेड्यात रुग्ण रुग्णालयापर्यंत येतच नसे. म्हणून तेथील कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, धोक्याची लक्षणे समजावली आणि शंका असलेल्यांना तपासणीसाठी प्रवृत्त केले. त्याचा परिणाम १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागले होते. नवे यंत्र किंवा नवे औषध आले म्हणून हे घडले नाही. लोकांना माहिती मिळाली आणि कोणीतरी आस्थेने पाठपुरावा केला म्हणून घडले.

केरळमध्ये त्रिवेंद्रम येथे झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी तोंडाची तपासणी केली, तेव्हा तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्या लोकांतील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. आज शासनाच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरील सर्वांच्या मुखतपासणीची तरतूद आहे. ती करून घ्या. मात्र एक मर्यादा लक्षात असू द्या. या तपासणीत तोंड दिसते, स्वरयंत्र दिसत नाही. तोंड पाहावे लागते, घसा ऐकावा लागतो.

कार्यकर्त्यांकडून अपेक्षा

येथे कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. स्वतःच्या आवाजातला सावकाश होणारा बदल स्वतःला जाणवत नाही. रोज ऐकणाऱ्या घरच्यांनाही तो सवयीने जाणवेनासा होतो. महिन्या-दोन महिन्यांनी भेटणाऱ्याला तो चटकन कळतो. घरोघर संपर्क ठेवणारा कार्यकर्ता नेमका असाच माणूस असतो. ‘काका, तुमचा आवाज असा का येतोय? किती दिवस झाले?’ एवढे दोन प्रश्न विचारायला वैद्यकीय पदवी लागत नाही. उत्तर तीन आठवड्यांपेक्षा जास्त आले, तर ‘दाखवून घ्या’ असे सांगून तेथेच थांबू नये. तारीख ठरवावी आणि सोबत जावे. कामथडीतून पुण्याला जायला महामार्ग आहे, गाडी आहे. अडते ते सोबतीअभावी. शेतातले काम, दुभते जनावर, नातवाची शाळा, मोठ्या रुग्णालयात हरवल्यासारखे होण्याची धास्ती, या अडचणी खऱ्या आहेत. त्यांची वाटणी शेजाऱ्यापाजाऱ्यांत झाली तर रुग्ण वेळेवर पोचतो.

प्रथम आपल्या आरोग्य केंद्रात किंवा भोरच्या शासकीय रुग्णालयात जावे, तेथून पुण्याच्या ससून रुग्णालयाकडे चिठ्ठी घ्यावी. खर्चाच्या भीतीने कोणी घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. शिधापत्रिका व आधार कार्ड बरोबर ठेवावे आणि योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटावे. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून या रोगाशी झुंजत आहे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. तो घरात लिहून ठेवावा. व्यसन सोडणाऱ्याची थट्टा करू नये. पहिल्या प्रयत्नात अपयश आले तर दुसऱ्यासाठी त्याच्या पाठीशी उभे राहावे.

आणि ज्याला रोग झाला आहे, त्याला दूर ठेवू नका. कर्करोग स्पर्शाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. कोणाच्या पूर्वकर्माची ती शिक्षा आहे, असे बोलून आधीच दुखावलेल्या मनाला आणखी जखम करू नका. स्वरयंत्र काढलेला माणूस हळू बोलतो, तेव्हा थोडे थांबून त्याचे पूर्ण वाक्य ऐकून घ्या. ही सेवा लहान दिसते, पण तिने तो पुन्हा माणसांत येतो.

भाषणाच्या शेवटी टाळ्या होतात आणि माणसे घरी जातात. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने एक काम करावे. घरातल्या ज्येष्ठांशी दहा मिनिटे निवांत बोलत बसा. त्यांचा आवाज कसा येतो, ते जेवताना पाणी किती घेतात, मानेला हात लावला तर गाठ लागते का, तोंड पुरते उघडते का, एवढे पाहा. काही वेगळे आढळले नाही तर आनंदच आहे. त्या निमित्ताने वडीलधाऱ्यांशी दहा मिनिटे बोलणे झाले. काही आढळलेच, तर येत्या सोमवारी त्यांना घेऊन निघा. भात कापायला चार माणसे मिळतील, उशीर मात्र भरून निघत नाही.